दहा हजारांची दुर्बीण

ऑक्टोबर २०२३ चा शेवटचा आठवडा. ऑफिसातून निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज मात्र पहिल्याच शब्दाला ओळखला.

“जय हिंद साहेब. वळखलं का?”

आमच्या पलटणीतले हवालदार. चोवीस वर्षांची नोकरी पुरी करून त्याच साली घरी गेलेले. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या जंगलाला लागून. पेन्शन सुरू झाली का, गुडघा काय म्हणतोय, घराचा स्लॅब पडला का, हे सगळं झाल्यावर ते मुद्द्यावर आले. पोरगा वीस वर्षांचा. जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांबरोबर गाईड म्हणून जायला लागलाय. पाहुण्यांच्या गळ्यात भारी दुर्बिणी आणि हा नुसत्या डोळ्यांनी शेकरू दाखवतोय.

“एक चांगली दुर्बीण सांगा साहेब. धा हजार बाजूला काढल्यात. त्याच्या वर न्हाय जमायचं. दुर्बिणीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?” मग जरा थांबून म्हणाले, “आन् एवढं बघा, डोकं दुखाया नको.”

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. “दोन दिवसांत सांगतो,” म्हटलं. गळ्यात दुर्बीण अडकवून अर्धी नोकरी झालेली, मला दोन दिवस तरी कशाला हवेत असंच वाटत होतं.

लागला दीड महिना. कारण मी आयुष्यात एकही दुर्बीण विकत घेतलेली नव्हती. सरकारी दुर्बीण क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमधून येते. लेजरवर सही करायची, गळ्यात अडकवायची, हरवली तर चौकशीला उभं राहायचं. चांगली की वाईट हा प्रश्नच येत नाही. ती ‘ऑन चार्ज’ असते, बस्स. एनडीएत आम्हाला दुर्बिणीतून अंतर काढायला शिकवलं, पण दुर्बीण कशी निवडायची हे कुणी शिकवलं नाही. त्याची गरजही नव्हती.

पहिल्या रविवारी सदर बाजारात गेलो. जबलपूरच्या छावणीत सदर म्हणजे फौजी माणसाचं दुसरं घर. शिंपी, बुटवाला, कॉफी हाउस, सगळं एका रस्त्यावर. कॅमेरे आणि शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात शिरलो. माझे कापलेले केस बघून दुकानदाराने आतून खास डबा काढला. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची दुर्बीण, पुढच्या भिंगावर माणकासारखा लालभडक मुलामा. “सर, असली आर्मी का माल है.” बाजूला छापलं होतं ९०×८०. मी पट्टी मागून पुढचं भिंग मोजलं, चाळीस मिलिमीटरसुद्धा भरेना. दुकानदार न लाजता म्हणाला, “लिखने का क्या है सर.”

लिहायचं काय आहे, हे खरंच आहे. म्हणून ते आकडे आधी समजून घ्यायला हवेत. दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं तेव्हा आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की सव्वापाच येतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाची एक गोल टिकली तरंगताना दिसते, ती एवढी मोठी असते. पहाटे-संध्याकाळी आपली बाहुली पसरते. तरुणाची सात मिलिमीटरपर्यंत जाते, माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्याची त्याहून कमी. टिकली बाहुलीपेक्षा फार लहान असली तर अंधूक उजेडात चित्र काळवंडतं. खिशात मावणारी १०×२५ दुपारी झकास वाटते आणि प्राणी बाहेर पडायच्या वेळेला आंधळी होते, ती यामुळेच. टिकली काठाला चौकोनी कापल्यासारखी दिसली तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत असं समजावं. ही तपासणी फुकट आहे, दुकानात उभ्या उभ्या होते.

पटींचा मोह मात्र भल्याभल्यांना सुटत नाही. दहापट घेतली की वस्तू दहापट जवळ येते, तशी हाताची थरथरही दहापट होते. वर दिसणारा प्रदेश आक्रसतो. फांद्यांतून उडी मारणारं शेकरू दुर्बिणीत पकडायचं तर मैदान रुंद हवं. गाईडला तर पाहुण्याला पटकन दाखवायचंय. तो शोधत बसला तर शेकरू निघून जाणार. म्हणजे आठपट. एवढं माझं माझ्याशी पहिल्या दिवशीच ठरलं.

दुकानदाराने मग चार-पाच बऱ्या दुर्बिणी काउंटरवर मांडल्या. त्यातली एक छान होती. हातात भरत होती, काच स्वच्छ, किंमत सहा हजारांच्या आत. मी समोरच्या इमारतीचं गच्चीचं कठडं बघत उभा राहिलो. पाच मिनिटं, सात मिनिटं. भुवईच्या मागे काहीतरी ओढल्यासारखं व्हायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असणार असं मनात आलं. डोळे दुर्बिणीपासून थोडे मागे घेतले आणि कठड्याची सरळ रेघ मधोमध तुटली. डाव्या डोळ्यातला कठडा खाली, उजव्यातला वर. डोळे पुन्हा टेकवले की रेघ जुळायची, मागे घेतले की तुटायची.

हातातली दुर्बीण मी काउंटरवर ठेवली. हवालदारांचं फोनवरचं शेवटचं वाक्य मला तेव्हा ऐकू आलं.

२००७ चा हिवाळा. नियंत्रण रेषेवरची एक चौकी. नाव लिहीत नाही. मी कॅप्टन होतो, कंपनी माझ्याकडे होती, कारण मेजर साहेब रजेवर गेले आणि रस्ता बंद झाल्याने खालीच अडकले. समोरच्या उतारावर दिवसभर नजर ठेवायची, दोन-दोन तासांच्या पाळ्या. त्या ओपीवर एक जुनी दुर्बीण होती. आज हवालदार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ तेव्हा लान्स नायक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्यासमोर येऊन म्हणाले, “साहेब, दुर्बीण खराब हाय. डोकं ठणकतंय. मधूनच एकाचं दोन दिसतंय.”

मी ओपीवर गेलो, दुर्बीण उचलली, बघितलं. लख्ख दिसत होतं. समोरचं झाड, बंकरचं तोंड, सगळं स्पष्ट. “काही झालेलं नाही हिला. रात्री झोपत जा,” असं म्हणून परत आलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा मात्र मी चिडलो. थंडीत ओपीवर बसायचा कंटाळा करणारी माणसं पाहिली होती. त्यांच्यात ह्यांना टाकलं. त्या मोसमात पलटणीकडे एका कॅडरसाठी आमच्या कंपनीचं एक नाव जायचं होतं. त्यांचं ठरलेलं होतं. मी ते बदललं. त्यांना नायकाची फीत लागायला त्यामुळे एक वर्ष जास्त लागलं.

आता फौजी वाचकांच्या लक्षात आलं असेल मला लख्ख का दिसलं ते. सैनिकी दुर्बिणीत मिलच्या खुणांची जाळी असते आणि ती एकाच नळीत असते. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल म्हणजे किलोमीटरवर एक मीटर. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस दोन मिल उंच दिसला की तो पावणेनऊशे मीटरवर. हे मोजायची सवय लागलेला अधिकारी दुर्बीण उचलली की नकळत जाळीच्या नळीतून बघतो, दुसरा डोळा अर्धा मिटतो. मी दहा सेकंद, एका डोळ्याने बघितलं होतं. ते दोन तास, दोन्ही डोळ्यांनी बघत होते.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. रात्रीपर्यंत माझं ठरलं होतं: तीस-पस्तीस हजारांची घ्यायची, एकदम वरच्या दर्जाची, आणि दहा हजारांना मिळाली म्हणून सांगायचं. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता आणि मुलीच्या क्लासची फी आहेच, पण हे करायचंच. बायकोने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं. म्हणाली, “त्यांनी तुमच्याकडे दुर्बीण मागितलीय. माफी मागितली असती तर गोष्ट वेगळी. आणि ते बिल मागणार नाहीत असं वाटतं का तुम्हाला?”

मागणारच होते. मेसचा हिशेब ठेवलेला माणूस. तेव्हा दहा हजार म्हणजे दहा हजार.

इथे रांझीला एक काका राहतात. मूळचे वर्ध्याकडचे, वडील नोकरीसाठी जबलपूरला आले आणि हे इथलेच झाले. खमरिया, गन कॅरेज, व्हेइकल फॅक्टरी अशा कारखान्यांनी कितीतरी मराठी घरं या गावात आणली. काकांचं त्यातलंच एक. स्वतः वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. त्यांना सदरच्या दुकानातला प्रकार सांगितला तर ते हसले. “साहेब, तुम्ही काच पाहून राहिले. काच तर कोणीही पुसून देते. दोन नळ्या एका रेषेत आहेत का ते पाहा ना आधी.”

ह्याला कोलिमेशन म्हणतात. दोन्ही नळ्यांचे अक्ष समांतर हवेत. दुर्बीण एकदा दगडावर पडली की आतला लोलक केसभर सरकतो, बाहेर ओरखडासुद्धा दिसत नाही. डोळ्यांचे स्नायू मग दोन चित्रं ओढून-ताणून एक करतात. आडवी चूक ते बऱ्यापैकी सांभाळून घेतात, कारण जवळचं बघताना डोळे आत वळायला सरावलेले असतात. एक डोळा वर आणि एक खाली करायची मात्र निसर्गाने सोय ठेवलेली नाही. ती उभी चूक थोडी असली तरी स्नायू तासन्‌तास झुंजतात आणि माणसाचं डोकं दुखतं. काकांनी मला तपासणी शिकवली: दुर्बीण भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवायची, लांबची आडवी रेघ धरायची, तार, छप्पर, काहीही, आणि डोळे हळूहळू मागे न्यायचे. रेघ तुटली की दुर्बीण परत. दुसरी तपासणी त्याहून सोपी. डोळे मिटायचे आणि एकदम उघडायचे. क्षणभर दोन दिसून मग एक झालं, तरी परत. आणि दहा मिनिटं सलग बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

“आमच्याकडे यायच्या ना अशा कितीतरी,” काका म्हणाले. “चिठ्ठीवर लिहून यायचं, नो डिफेक्ट फाउंड. जवान बिचारा सांगून सांगून थकलेला असे.”

मी चहा प्यायलो. काही बोललो नाही.

राहिला प्रश्न जातीचा. दोन घराणी आहेत. खांद्यात रुंद, वाकडी नळी असलेली ती पोरो. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाने १८५४ साली ती लोलकांची रचना काढली. तोही सैन्यातलाच अधिकारी. दुसरी सरळ नळीची, रूफ प्रिझमवाली, सुटसुटीत. पोरोच्या लोलकांत प्रकाश आपोआप पूर्ण परावर्तित होतो, आरशाचा मुलामा लागत नाही. सरळ नळीच्या बहुतेक दुर्बिणींत तो लागतो, शिवाय चित्राची धार टिकवायला आणखी एक लेप लागतो, आणि सगळंच फार काटेकोर घडवावं लागतं. म्हणून त्याच पैशात पोरो जास्त चांगलं दाखवते. निकॉन, ऑलिम्पस यांच्या साध्या पोरो वर्षानुवर्षं विकल्या गेल्या त्याचं कारण हेच. मी मनातून पोरो नक्की करून टाकली होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका मित्राची जुनी ऑलिम्पस ८×४० आणि दुसऱ्याकडून मागून आणलेली सरळ नळीची ८×४२ घेऊन पहाटे ग्वारीघाटला गेलो. मुलगीही आली. थंडी पडली की नर्मदेवर कुरव पक्षी उतरतात. इथले लोक त्यांना सायबेरियन म्हणतात आणि नावेतून शेव टाकतात. उजाडायच्या आधी पलीकडच्या काठावरच्या गुरुद्वाऱ्यावर दोन्ही दुर्बिणी आळीपाळीने लावल्या. फरक लहान मुलालाही कळावा. पोरोत पायऱ्या वेगवेगळ्या सुटून दिसत होत्या, चित्राला खोली होती. नावा पुढे, काठ मागे. सरळ नळीत तेच चित्र जरा चपटं, कडेला जरा मऊ. मुलीने निकाल देऊन टाकला, “बाबा, ही जाडी बरी.”

मग सूर्य वर आला, नदीवरचं धुकं आमच्या अंगावर आलं, आणि ऑलिम्पस आतून धुरकटली. बाहेरून पुसून काही होईना. मुलीचा चष्माही मध्ये येत होता. पोरोच्या भिंगाला डोळा अगदी चिकटवावा लागायचा, त्यामुळे तिला चित्राचा मधलाच भाग दिसत होता.

घाटावर बसून भजी खाताना गणित पुन्हा मांडलं. ही दुर्बीण ग्वारीघाटला वापरायची नाहीये. कोयनेच्या खोऱ्यात चार महिने पाऊस कोसळतो, घरातल्या भिंतींना पाझर फुटतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. हवाबंद नसलेल्या दुर्बिणीच्या आत त्या हवेत बुरशीची जाळी धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि ती साफ करायला पाटणमध्ये काका नाहीत. शिवाय गाईडची दुर्बीण दिवसातून वीस डोळ्यांना लागते, त्यात निम्मे चष्मेवाले. म्हणजे नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी, आणि डोळा पंधरा-सतरा मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चित्र देणारी हवी. दहा हजारांत हे सगळं पोरोमध्ये काही मला सापडलं नाही. सरळ नळीत सापडत होतं, चित्र थोडं उणं घेऊन. थोडं उणं चित्र तिसऱ्या पावसाळ्यानंतरही तेवढंच राहील. उत्तम चित्राला तोवर बुरशी लागलेली असेल. माझ्यासाठी घ्यायची असती तर मी पोरोच घेतली असती, आजही घेईन.

८×४२, सरळ नळी, बेरियम क्राउन काचेचे लोलक, सगळ्या भिंगांना अनेक थरांचे लेप. सवलतीत नऊ हजार चारशेला मिळाली. घरपोच आली त्या संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर टेकवून समोरच्या विजेच्या तारेवर धरली आणि डोळे मागे घेतले. तार तुटली. अगदी थोडी, पण तुटली. बायको म्हणाली, एवढंसं चालेल की. मी परत पाठवली. दुकानाने कारण विचारलं तेव्हा ‘डोकं दुखतं’ असं लिहिलं. बदलून दुसरी आली. तीवर मी तीन संध्याकाळी तार बघितली, चौथ्या दिवशी काकांना नेऊन दाखवली. काकांनी दहा मिनिटं एक शब्द न बोलता पाहिलं आणि डबा बंद करून माझ्या हातात दिला.

डिसेंबरच्या शेवटी रजेवर आलो तेव्हा गाडी काढून थेट त्यांच्या गावी गेलो. बिल बरोबर नेलं होतं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, पेटीतून नऊ हजार चारशे मोजून दिले, उरलेले सहाशे परत पेटीत ठेवले. मुलगा दुर्बीण घेऊन अंगणाबाहेर पळाला. वहिनींनी चुलीवरची भाकरी आणि झुणका वाढला.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. २००७, ती ओपी, ती दुर्बीण. कॅडरचं नाव मीच बदललं होतं हेही सांगितलं; त्यांना ते तेव्हाच ठाऊक झालं होतं. म्हटलं, “तुम्ही बरोबर होता. मला सोळा वर्षांनी कळलं.”

ते पायावरचा हात न हलवता बसून राहिले. मग म्हणाले, “साहेब, तवाच तुम्हाला सांगत हुतो. पर तुम्ही बी काय केलं असतं? रस्ता बंद. दुसरी दुर्बीण यायची कुठनं?”

“निदान तुमचं ऐकलं असतं.”

“व्हय, तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. समजूत घालायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, आणि ते मला बरं वाटलं.

“मग पुढचे तीन महिने काढले कसे?”

“एक डोळा झाकून. डाव्या नळीवर चिंधी बांधली हुती. तुम्ही ओपीवर येताय म्हटलं की सोडायची.” ते हसले. “पलटण खाली उतरली तवा ती दुर्बीण पुढच्या युनिटला हँडओव्हर झाली की. लेजरवर सर्व्हिसेबल. मग मी तिच्या पट्ट्याला लाल दोरा बांधला, आन् त्यांच्या पोरांना सांगून ठेवलं, हिच्यातनं उजव्या डोळ्यानं बघा, दोन्हीनं बघितलं तर डोकं दुखल.”

ते लेजर मी भरलं होतं. सही माझी होती.

बाहेरून मुलाने हाक मारली. पलीकडच्या आंब्याच्या झाडावर शेकरूचं घरटं होतं आणि बापाने येऊन बघावं असं त्याचं म्हणणं होतं. हवालदार उठले, गुडघ्यावर हात दाबत अंगणात गेले, मुलाच्या हातातून दुर्बीण घेतली. बरंच वेळ घरट्याकडे बघत राहिले. मग कौलांच्या कडेची रेघ धरली आणि डोळे हळूच मागे घेतले.